वाचकांचे प्रश्न : इंग्रजी वाक्यांचे सांधे

इंग्रजी वाक्यरचनेविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच जागी सापडते. दोन क्रियापदे किंवा दोन वाक्ये जोडताना कोणता शब्द घ्यावा, तो कुठे ठेवावा आणि एकदाच घ्यावा की दोनदा, ही ती अडचण आहे. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. तिने निबंधात ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ असे लिहिले आणि बाईंनी ‘बट’वर काट मारली. मराठीत आपण ‘जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही शाळेत गेलो’ असे दोन्ही शब्द घेऊनच म्हणतो. मग इंग्रजीत एकच का? आणि ‘इफ’बरोबर ‘देन’ कसे चालते? (एक पालक, सातारा)

उत्तर : बाईंनी मारलेली काट योग्य आहे, पण मुलीने केलेली चूक निष्काळजीपणाची नाही. तिने मराठीचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीत नेला आहे. हा नियम नेमका कुठे अडतो, हे तिला समजावून सांगितले तर तो शब्द पुन्हा पुन्हा खोडावा लागणार नाही.

मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक असे दोन गट शिकवले जातात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’ हे शब्द बरोबरीची दोन वाक्ये जोडतात, तर ‘की’, ‘कारण’, ‘जर–तर’, ‘जरी–तरी’ हे एका वाक्याला दुसऱ्यावर अवलंबून ठेवतात. इंग्रजीतही हीच विभागणी आहे. ‘बट’ला दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभी असलेली वाक्ये लागतात. ‘ऑलदो’ मात्र ज्या वाक्याच्या आरंभी येतो, त्याला गौण करून टाकतो. ‘ऑलदो इट वॉज रेनिंग’ एवढेच म्हणून कोणी थांबला तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत राहतो. एक वाक्य असे गौण झाल्यावर ‘बट’ला जोडायला बरोबरीची जोडी उरत नाही. त्यामुळे ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू स्कूल’ किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ यांपैकी एक रचना निवडावी लागते. रोजच्या बोलण्यात दुसरीच अधिक ऐकू येते.

आता मराठीकडे बारकाईने पाहू. ‘पाऊस पडत होता, तरी आम्ही शाळेत गेलो’ हे वाक्य पूर्ण आणि सहज आहे, म्हणजे ‘जरी’ गाळता येतो. ‘तरी’ गाळून ‘जरी पाऊस पडत होता, आम्ही शाळेत गेलो’ असे म्हटले की कान अडखळतो. अलीकडे भाषांतरित मजकुरात अशी लंगडी वाक्ये वाचायला मिळतात आणि त्याचे मला वाईट वाटते. ‘जर–तर’चेही असेच आहे. ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’ यात ‘जर’ नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. इंग्रजीत उलट ‘इफ’ अनिवार्य असतो आणि ‘देन’ ऐच्छिक. मराठी जोडीतला दुसरा शब्द सोडत नाही आणि इंग्रजी पहिला सोडत नाही. आपल्या मुलीला एवढे सांगितले तरी पुरे.

‘देन’ चालतो याचे कारण असे की तो उभयान्वयी अव्यय नसून क्रियाविशेषण आहे. तो वाक्ये जोडत नाही, जोडलेल्या वाक्यात ‘त्या परिस्थितीत’ एवढा अर्थ घालतो. याच कारणाने ‘ऑलदो ही वॉज इल, ही स्टिल केम’ हे वाक्य शुद्ध ठरते. ‘स्टिल’ क्रियाविशेषण असल्यामुळे ‘ऑलदो’शी त्याची टक्कर होत नाही आणि ‘तरीसुद्धा’चा जोर तेवढा मिळतो. जुन्या इंग्रजीत ‘दो’बरोबर ‘येट’ सर्रास येत असे. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात ही जोडी आढळते आणि आपल्याकडच्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांतही ती शिकवली जाई. आज ती चूक ठरत नसली तरी जुन्या वळणाची वाटते. मुलीला ‘तरी’ लिहिल्यावाचून चैनच पडत नसेल, तर तिने ‘बट’ऐवजी ‘स्टिल’ घ्यावा आणि तो क्रियापदाच्या आधी ठेवावा.

प्रश्न : मी एका कंपनीत हिशेब विभागात काम करतो. ‘आय सेंट द फाइल ऑन मंडे, हाउएव्हर ही डिड नॉट रिप्लाय’ असे मी ईमेलमध्ये लिहिले. वरिष्ठांनी ते वाक्य चुकीचे ठरवले, पण कारण सांगितले नाही. ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘बट’च ना? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : अर्थ जवळजवळ तोच आहे, पण जात वेगळी आहे. ‘बट’ उभयान्वयी अव्यय आहे, तर ‘हाउएव्हर’ क्रियाविशेषण. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम चालत नाही. तेथे उभयान्वयी अव्यय हवे, अर्धविराम हवा किंवा पूर्णविराम हवा. आपल्या वाक्यात ‘हाउएव्हर’ जोडण्याचे काम करत आहे असे दिसते, पण ते काम त्याचे नाही. तो काढून टाकला तर ‘आय सेंट द फाइल ऑन मंडे, ही डिड नॉट रिप्लाय’ एवढे उरते आणि स्वल्पविरामाच्या जागी दोन वाक्ये सुटी पडलेली स्पष्ट दिसतात.

एखादा शब्द कोणत्या जातीचा आहे याविषयी शंका असेल, तर तो हलवून पाहावा. ‘हाउएव्हर, ही डिड नॉट रिप्लाय’, ‘ही, हाउएव्हर, डिड नॉट रिप्लाय’ आणि ‘ही डिड नॉट रिप्लाय, हाउएव्हर’ ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. ‘बट’ मात्र जागचा हलत नाही. ‘ही बट डिड नॉट रिप्लाय’ असे कोणी म्हणणार नाही. मराठीत ‘पण’ आणि ‘मात्र’ यांच्यात असाच फरक दिसतो. ‘मी फाइल पाठवली, पण त्यांनी उत्तर दिले नाही’ यात ‘पण’ दोन वाक्यांच्या मध्ये उभा आहे, तर ‘मी फाइल पाठवली. त्यांनी मात्र उत्तर दिले नाही’ यात ‘मात्र’ वाक्याच्या आत जाऊन बसला आहे. ‘हाउएव्हर’ला ‘मात्र’च्या रांगेत बसवा, म्हणजे विरामचिन्ह आपोआप सुचेल.

‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’, ‘मीनव्हाइल’, ‘इन्स्टेड’ हे शब्दही याच रांगेतले आहेत. ‘सो’ मात्र ‘देअरफोर’च्या अर्थाचा असूनही जोडण्याचे काम करतो, म्हणून ‘इट वॉज लेट, सो वी लेफ्ट’ यात स्वल्पविराम पुरतो. ‘अदरवाइज’च्या बाबतीत बोली आणि लेखन यांत अंतर आहे. ‘हरी अप, अदरवाइज यू विल मिस द ट्रेन’ असे बोलताना सगळेच म्हणतात, पण अधिकृत पत्रात तेथे अर्धविराम द्यावा. आपल्या ‘नाहीतर’साठी घरगुती इंग्रजीत बहुधा साधा ‘ऑर’ येतो : ‘हरी अप ऑर यू विल मिस द ट्रेन.’

एक अपवाद ध्यानात ठेवावा. ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइज’ यात ‘हाउएव्हर’चा अर्थ ‘कितीही’ असा आहे. तेथे तो पुढच्या शब्दाला चिकटून असतो आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम देत नाहीत. आणि ईमेलविषयी माझे मत विचाराल तर आपल्या त्या वाक्यात ‘बट’च शोभला असता. सहकाऱ्याला लिहिलेल्या दोन ओळींत ‘हाउएव्हर’ उगाच भारदस्त वाटतो.

प्रश्न : ‘तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन’ याचे ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ असे भाषांतर मी वर्गात करून दाखवते, पण पुस्तकात ‘व्हेन ही कम्स’ असे असते. येणे भविष्यकाळात आहे, तर वर्तमानकाळ का? तसेच ‘अंटिल’ आणि ‘अनलेस’ यांच्यात मुले हमखास ‘नॉट’ घालतात, त्यावर काय करावे? (एक शिक्षिका, नांदेड)

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यात इंग्रजी सहसा ‘विल’ घेत नाही. मुख्य वाक्यातल्या ‘विल’ने काळ एकदा सांगितला की तेवढ्यावर तिचे भागते.

मुलांना हे परके वाटेल असे समजू नका, कारण मराठीतही गौण वाक्यात भविष्यकाळ अनिवार्य नाही. ‘तो आला की सांगेन’, ‘पाऊस पडला तर येणार नाही’ ही वाक्ये पाहा. येणे आणि पडणे दोन्ही पुढे घडायचे आहे, तरी क्रियापदाचे रूप भूतकाळाचे आहे. म्हणजे मराठी अशा ठिकाणी भूतकाळी रूपावर काम भागवते आणि इंग्रजी वर्तमानकाळी रूपावर. वर्गात ‘तो येईल तेव्हा’ याऐवजी ‘तो आला की’ हे वाक्य भाषांतराला द्या. ‘येईल’ समोरच नसल्यामुळे मुलांच्या हातून ‘विल’ उतरण्याची शक्यता कमी होते.

मात्र ‘व्हेन’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, असा नियम फळ्यावर लिहू नका. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे वाक्य शुद्ध आहे. येथे ‘व्हेन’ म्हणजे ‘जेव्हा’ नसून ‘कधी’ आहे आणि त्यामागे एक प्रश्न दडलेला आहे. ‘इफ’ही तसाच वागतो. ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम’ यात ‘तो आला तर’ असा अर्थ आहे, पण ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ यात ‘तो येईल का’ असा प्रश्न आहे. मराठी वाक्यात ‘कधी’ किंवा ‘का’ असेल तर ‘विल’ ठेवावा, आणि ‘तेव्हा’, ‘की’, ‘तर’ असेल तर गाळावा. या कसोटीवर बहुतेक वाक्ये सुटतात.

‘अंटिल’ची गोष्ट अधिक खोल आहे. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबेन’ असे म्हणताना मराठी माणसाचे लक्ष न येण्याच्या सबंध काळावर असते, म्हणून नकार येतो. इंग्रजी ‘अंटिल’ त्या काळाच्या शेवटच्या टोकावर, म्हणजे येण्याच्या क्षणावर बोट ठेवतो, म्हणून तेथे नकाराला जागा नाही : ‘आय विल वेट अंटिल यू कम.’ फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी. मराठी ती रेघ दाखवते आणि इंग्रजी तिचे टोक, एवढे सांगितले की ‘अंटिल यू डोन्ट कम’ का चुकते हे मुलांना दिसते.

‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे, कारण त्याचा अर्थच ‘नाही तर’ असा होतो. त्याच्यापुढे आणखी ‘नॉट’ घातला की अर्थ उलटतो. ‘अनलेस यू डोन्ट पे द बिल, द सप्लाय विल बी कट’ ही सूचना शब्दशः घेतली, तर बिल भरणाऱ्याची वीज जाईल आणि न भरणाऱ्याची राहील. हे उदाहरण मुलांनाच सोडवू द्या. ‘अनलेस यू पे’ आणि ‘इफ यू डोन्ट पे’ यांपैकी एक घ्यायचे, दोन्हींची सरमिसळ करायची नाही, हे त्यांच्या त्यांना उमगेल.

प्रश्न : माझी नातवंडे अमेरिकेत असतात. मी त्यांना ‘हॅविंग टेकन माय बाथ अँड हॅविंग हॅड माय टी, आय वेंट फॉर अ वॉक’ असे लिहितो, तेव्हा त्यांना ते पुस्तकी वाटते. ‘आंघोळ करून, चहा पिऊन’ याला दुसरे काय म्हणायचे? ‘नो सूनर… दॅन’ वापरलेलेही त्यांना विचित्र वाटते. (एक निवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर : आपले इंग्रजी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. नातवंडांना खटकते ती त्याची पातळी. मराठीत ‘-ऊन’ हा प्रत्यय अत्यंत घरगुती आहे, तर इंग्रजीत ‘हॅविंग’ची रचना लेखी आणि औपचारिक आहे. रोजच्या इंग्रजीत ‘-ऊन’ची जागा बहुतेक वेळा साध्या ‘अँड’ने भरून निघते. एकच कर्ता एकामागून एक कामे करतो, आणि शेवटच्या कामाआधी ‘अँड’ येतो : ‘आय हॅड अ बाथ, ड्रँक माय टी अँड वेंट फॉर अ वॉक.’ क्रम सांगायला वेगळा शब्द लागत नाही, कारण कामे ज्या ओळीने सांगितली त्याच ओळीने ती घडली असे ऐकणारा धरून चालतो.

पण ‘-ऊन’ नेहमी क्रमच सांगतो असे नाही. ‘ती हसून म्हणाली’ यात तो रीत सांगतो आणि इंग्रजीत त्याचे ‘शी सेड विथ अ स्माइल’ होते. ‘एवढा अभ्यास करून नापास झाला’ यात तो विरोध सांगतो. तेथे ‘हॅविंग स्टडीड’ लिहिले तर विरोध हरवतो. ‘ही स्टडीड सो हार्ड अँड स्टिल फेल्ड’ असे म्हटले की ‘अँड’ जोडण्याचे काम करतो आणि ‘स्टिल’ हळहळ पोहोचवतो. मला इंग्रजीतली ही जोडी फार आवडते. उभयान्वयी अव्यय आणि क्रियाविशेषण शेजारी शेजारी उभे राहून आपापले काम कसे करतात, हे इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

‘जाऊन बघ’ला ‘गो अँड सी’ म्हणतात. अमेरिकेत ‘गो सी’ असेही म्हणतात, आणि नातवंडांच्या तोंडी ते आपण ऐकले असेल. ही ‘अँड’ गाळण्याची सवलत फक्त मूळ रूपांना आहे. भूतकाळात ‘वेंट सॉ’ होत नाही, तेथे ‘वेंट अँड सॉ’ किंवा ‘वेंट टू सी’ म्हणावे लागते.

‘हॅविंग’ वापरायचाच असेल तर एक पथ्य पाळावे. ‘हॅविंग टेकन माय बाथ, द फोन रँग’ असे लिहिले तर आंघोळ फोनने केली असा अर्थ निघतो. मराठीतही कर्ता बदलला की आपण ‘-ऊन’ सोडून ‘-ल्यावर’कडे वळतो आणि ‘मी आंघोळ केल्यावर फोन वाजला’ असे म्हणतो. त्या ‘-ल्यावर’साठी इंग्रजीत ‘आफ्टर’ किंवा ‘व्हेन’ आहे.

‘नो सूनर… दॅन’ आपल्या पिढीने परीक्षेसाठी घोटून पाठ केले. आजही राज्य मंडळाच्या परीक्षांत वाक्यरूपांतरासाठी ते विचारले जाते, त्यामुळे ते जिभेवर राहणे स्वाभाविक आहे. बोलण्यात ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ म्हणावे : ‘अ‍ॅज सून अ‍ॅज आय गॉट होम, इट स्टार्टेड रेनिंग.’

प्रश्न : ‘बिकॉज’ने किंवा ‘अँड’ने वाक्य सुरू करणे चूक आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम’ हे वाक्य पूर्ण आणि शुद्ध आहे. चूक होते ती ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ एवढ्यावरच पूर्णविराम दिल्यावर. मुलांनी असे अर्धे वाक्य लिहू नये म्हणून शिक्षक त्या शब्दाने सुरुवातच करू देत नाहीत आणि पुढे तोच नियम मानला जातो. ‘अँड’ने वाक्य सुरू करण्याची परंपरा तर फार जुनी आहे. वर उल्लेखिलेल्या 1611च्या बायबलातील पहिल्या अध्यायात बहुतेक वचने ‘अँड’नेच सुरू होतात.

‘बिकॉज’विषयी याहून खरी सावधगिरी वेगळी आहे. ‘आय डिड नॉट कम बिकॉज इट वॉज रेनिंग’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, पाऊस होता म्हणून मी आलो नाही. दुसरा, मी आलो, पण पाऊस होता म्हणून नव्हे. बोलताना आवाजाच्या चढउताराने फरक कळतो, लिहिताना कळत नाही. नकारी वाक्याला ‘बिकॉज’ जोडताना म्हणून कारण आधी लिहिणे बरे : ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, आय डिड नॉट कम.’

प्रश्न : ‘त्याने विचारले की तू का आलास’ यातल्या ‘की’ला ‘दॅट’च म्हणायचे ना? (गृहिणी, मडगाव)

उत्तर : येथे नाही. प्रश्नवाचक शब्द स्वतःच जोडण्याचे काम करतो, म्हणून ‘ही आस्क्ड दॅट व्हाय डिड यू कम’ चुकते आणि ‘ही आस्क्ड व्हाय आय हॅड कम’ बरोबर ठरते. प्रश्नातली उलटी रचनाही सरळ होते, हे विसरू नये. साध्या विधानात ‘दॅट’ येतो, पण बोलताना तो बहुधा गाळतात : ‘ही सेड ही वॉज टायर्ड.’

प्रश्न : ‘अजून’साठी ‘स्टिल’ घ्यावा की ‘येट’? आणि ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ यात काय चुकते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ‘तो अजून इथेच आहे’ याला ‘ही इज स्टिल हिअर’ म्हणतात. नकारात दोन्ही शब्द येतात, पण जागा आणि सूर बदलतो. ‘ही हॅजन्ट कम येट’ हे साधे निवेदन आहे, तर ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ यात वाट पाहून आलेला कंटाळा आहे. ‘येट’ शेवटी आला आहे आणि ‘स्टिल’ नकाराच्या आधी, हे लक्षात घ्यावे.

‘ओन्ली’चा तो वापर आपल्या ‘च’मधून आला आहे. तो असाच आहे, यातला ‘च’ ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याच्या पाठीला चिकटतो, म्हणून आपण ‘ओन्ली’ही मागे ठेवतो. भारतात सर्वांना ते कळते, बाहेर मात्र ऐकणारा गोंधळतो. तेथे ‘दॅट्स जस्ट हाउ ही इज’ असे म्हणतात. ‘फक्त’ या अर्थाचा ‘ओन्ली’ रोजच्या बोलण्यात सहसा क्रियापदाच्या आधी येतो, जसे ‘आय ओन्ली एट टू चपातीज’. जोर दोनवर आहे हे आवाजाने कळवतात. लिहिताना अर्थाचा घोळ होण्याची शक्यता असेल, तर तो त्या शब्दाच्या लगेच आधी न्यावा : ‘आय एट ओन्ली टू चपातीज.’